मानेत गाठ लागली: सोनोग्राफी, सीटी की एमआरआय, नेमकं काय करायचं

मानेत गाठ हाताला लागली की माणसं साधारण दोन टोकांना जातात. एक टोक म्हणजे "जाईल आपोआप" म्हणून महिनोन्महिने तिकडे बघायचंच नाही, आणि दुसरं म्हणजे डॉक्टरला न दाखवता थेट स्कॅन सेंटरला फोन करायचा, "मानेचा एमआरआय करायचाय, उद्या जमेल का?" पहिल्या टोकाबद्दल सगळेच ओरडतात, दुसऱ्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही कारण हातात जाडजूड रिपोर्ट आला की काहीतरी केल्यासारखं वाटतं. पण स्कॅन चुकीचा निवडला तर पैसे जातात ते जातातच, वर "विशेष काही नाही" असा कागद घेऊन माणूस निवांत होतो आणि गाठ तिथेच वाढत राहते. म्हणून कोणत्या गाठीला कोणता स्कॅन आणि का, ते जरा सविस्तर लिहितोय. चिठ्ठी डॉक्टरच देणार, पण ती तशी का आहे हे कळलं तर चार प्रश्न नीट विचारता येतात.

सगळ्यात महाग तो सगळ्यात चांगला हा हिशोब इथे डोक्यातून काढून टाका. कोणता स्कॅन हे तीन गोष्टींवर ठरतं: पेशंटचं वय, गाठ मानेत नेमकी कुठे आहे, आणि ती किती दिवसांपासून आहे. मशीनचा नंबर त्यानंतर.

आधी हात, मग मशीन

पहिली गोष्ट, गाठ खरंच गाठ आहे का. जबड्याखालची लाळग्रंथी वयानुसार जरा खाली उतरते आणि गाठीसारखी लागते, मानेत स्वरयंत्राच्या वर असलेलं हायॉइड हाड बारीक माणसात दोन्ही बाजूंना टोचतं, कानाखाली आत दाबलं तर मणक्याचा टोकाचा भाग कडक लागतो, आणि मेंदूकडे जाणारी कॅरोटिड रक्तवाहिनी जिथे दुभागते तिथला फुगीर भाग तर बोटाखाली धडधडतो म्हणून लोक घाबरून येतात. अनुभवी हाताला हे दोन मिनिटांत कळतं. दोन्ही बाजूंना अगदी सारखंच लागतंय का हे बघणं सगळ्यात सोपं, पण दिवसातून वीस वेळा चाचपून बघू नका, चाचपून चाचपून साधी लिम्फ ग्रंथीही (इन्फेक्शनशी लढणारी छोटी गाठ, पुढे नुसतं "ग्रंथी" म्हटलंय ते बहुतेक हीच) सुजते आणि दुखायला लागते.

दुसरी गोष्ट, ईएनटीवाल्यांकडून, म्हणजे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून, तोंड, जीभ, टॉन्सिल, नाकाच्या मागचा भाग आणि स्वरयंत्र बघून घेणं. मोठ्या माणसाच्या मानेतली गाठ बऱ्याचदा दुसरीकडच्या आजाराची खूण असते, आणि जिभेच्या मुळाशी किंवा टॉन्सिलमध्ये लपलेली छोटी जखम दुर्बिणीतून दिसते ती कधीकधी कोणत्याच स्कॅनमध्ये दिसत नाही. हे न करता फक्त मानेचा स्कॅन काढणं म्हणजे अर्धवट तपासणी, माझ्या मते सगळ्यात जास्त होणारी गफलत हीच.

तिसरी गोष्ट दिवसांची. सर्दी-घसा-दातदुखीसोबत आलेली दुखरी गाठ, त्यात माणूस तरुण, तर दोन आठवडे वाट बघायला हरकत नाही, बहुतेक वेळा स्कॅनची गरजच पडत नाही. पण मोठ्या माणसात दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेली, किंवा किती दिवसांची आहे हे सांगताच येत नाही अशी गाठ, दीड सेंटिमीटरपेक्षा मोठी, कडक, हलत नाही, वरच्या कातडीवर जखम झालीय, यातलं काहीही असेल तर ती कॅन्सरची असू शकते असं धरूनच पुढची तपासणी करायची. अमेरिकेतल्या ईएनटी सर्जनांच्या संघटनेने २०१७ साली मोठ्यांच्या मानेतल्या गाठींसाठी ज्या सूचना काढल्या त्यात हेच निकष आहेत, आणि इन्फेक्शनची लक्षणं नसताना उगाच अँटिबायोटिकचा कोर्स देऊन वेळ घालवू नका असंही स्पष्ट लिहिलंय. तंबाखू, दारू, आवाज बसलेला, गिळताना त्रास, एकाच कानात दुखणं, वजन उतरणं, हे सगळं डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपणहून सांगा.

आणि एक गोष्ट स्कॅनच्या चर्चेत बसतच नाही: श्वास घेताना घरघर, थुंकीसुद्धा गिळता येत नाही, तोंड उघडत नाही, ताप आणि मान झपाट्याने सुजतेय. अशा वेळी "आधी कोणता स्कॅन" हे गुगल करत बसू नका, सरळ इमर्जन्सीत जा. तिथे आधी श्वासनलिका सांभाळतात आणि मग कॉन्ट्रास्टवाला, म्हणजे चित्र उजळवणारं औषध शिरेतून देऊन केलेला, सीटी करतात, कारण मानेत खोलवर पू किती साचलाय आणि तो छातीकडे उतरतोय का हे त्यात पटकन दिसतं.

सोनोग्राफी आधी कधी

लहान मुलं असतील तर पहिली सोनोग्राफीच, यात वाद नाही. रेडिएशन नाही, भूल द्यावी लागत नाही, आईच्या मांडीवर बसूनही होते. मुलांच्या मानेत ग्रंथी लागणं अगदी कॉमन, त्यातल्या बहुतेक साध्या सर्दी-खोकल्याच्या. मानेच्या बरोबर मध्ये असलेली आणि जीभ बाहेर काढली की वर सरकणारी गाठ बहुधा थायरोग्लॉसल सिस्ट, म्हणजे जन्मजात पाण्याची गाठ, असते, तिथे सोनोग्राफीचं अजून एक काम असतं जे बऱ्याच जणांना माहीत नसतं: ऑपरेशनआधी खरी थायरॉइड ग्रंथी तिच्या जागी आहे ना ते बघणं, कारण क्वचित ती "सिस्ट" हीच मुलाची एकमेव थायरॉइड असते आणि काढली तर आयुष्यभर गोळ्या. मुलांमध्ये पुढे लिम्फॅटिक मालफॉर्मेशनसारखं (लिम्फ वाहिन्यांचा जन्मजात दोष) पसरलेलं काही वाटलं तर एमआरआय, आणि खोल पू वाटला तर सीटी.

थायरॉइडची गाठ, म्हणजे घोट गिळताना वर-खाली होणारी, तिलाही आधी सोनोग्राफी आणि सोबत टीएसएचची (थायरॉइड किती काम करतेय ते सांगणारी) रक्ततपासणी. थायरॉइडसाठी सीटी-एमआरआयने सुरुवात करणं हा जवळजवळ नेहमीच वाया गेलेला खर्च, कारण गाठीच्या आतला पोत, बारीक कॅल्शियमचे ठिपके, कडा वेड्यावाकड्या आहेत का, गाठ रुंदीपेक्षा उंच आहे का, हे सगळं सोनोग्राफीत जितकं स्वच्छ दिसतं तितकं दुसऱ्या कशातच दिसत नाही. टीएसएच कमी आलं तरच न्यूक्लिअर स्कॅन, गाठ स्वतःच जास्त हार्मोन बनवतेय का ते बघायला. टीएसएच नॉर्मल असताना तो स्कॅन मागितला असेल तर कशासाठी ते विचारा.

रिपोर्टमध्ये टायरॅड्स असा शब्द आणि एक आकडा दिसेल, आकडा जितका मोठा तितका कॅन्सरचा संशय जास्त. अमेरिकन रेडिओलॉजी कॉलेजची २०१७ ची पद्धत जिथे वापरतात तिथे ३ नंबरच्या गाठीला अडीच सेंटिमीटरपासून, ४ नंबरला दीड सेंटिमीटरपासून आणि ५ नंबरला एक सेंटिमीटरपासून सुई घालून पेशी तपासायचा सल्ला देतात, १ आणि २ ला सुई नाही. त्यामुळे "गाठ आहे आणि डॉक्टर सुई घालायला नाही म्हणतात" यात निष्काळजीपणा असेलच असं नाही. उलट काही त्रास नसताना सहज म्हणून थायरॉइडची सोनोग्राफी करून घेण्याच्या नादाला लागू नका. दक्षिण कोरियात चेकअपमध्ये ही तपासणी सर्रास व्हायला लागली आणि २०११ मध्ये थायरॉइड कॅन्सरचं निदान होण्याचं प्रमाण १९९३ च्या १५ पट झालं, पण त्याने होणारे मृत्यू जवळपास होते तेवढेच राहिले. म्हणजे कधीच त्रास दिला नसता अशा बारीक गाठी शोधून हजारो लोकांच्या थायरॉइड ग्रंथी काढल्या गेल्या.

लाळग्रंथीच्या गाठीलाही सोनोग्राफी चांगली सुरुवात. जेवायला बसलं की जबड्याखाली फुगतं, दुखतं, मग तासाभरात उतरतं, हे वर्णन ऐकलं की खडा आधी मनात येतो, आणि बरेचसे खडे सोनोग्राफीत सापडतात. नाही सापडला आणि संशय कायम असेल तर सीटी, खडा शोधायला कॉन्ट्रास्ट लागतच नाही.

सोनोग्राफीचा मोठा फायदा असा की बघताबघता त्याच टेबलवर सुईही घालता येते. मर्यादाही तेवढ्याच स्पष्ट आहेत, हवा आणि हाडापलीकडे तिला दिसत नाही, म्हणजे घशाच्या मागची जागा, कवटीचा तळ, छातीच्या हाडामागे उतरलेली थायरॉइड, हे तिच्या आवाक्याबाहेर. शिवाय हे करणाऱ्याच्या हातावर फार अवलंबून असतं, मानेची सोनोग्राफी रोज करणारा आणि कधीतरी करणारा यांच्या रिपोर्टमध्ये जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो.

मोठं माणूस, टिकून राहिलेली गाठ: इथे सीटी

थायरॉइडची नाही, लाळग्रंथीची वाटत नाही, पेशंट मोठा आणि वर सांगितलेली धोक्याची लक्षणं आहेत, तर मानेचा कॉन्ट्रास्ट सीटी हा बहुतेक ठिकाणी पहिला पर्याय. कवटीच्या तळापासून छातीच्या वरच्या भागापर्यंत सगळं काही सेकंदांत येतं, गाठ किती, अजून कुठे ग्रंथी सुजल्यात का, रक्तवाहिनीला चिकटलीय का, आणि मूळ आजार कुठे असू शकतो, हे सगळं एकाच वेळी.

"कॉन्ट्रास्ट नको, साधाच करा" असं घाबरून सांगणारे खूप असतात. पण मानेत स्नायू, ग्रंथी, रक्तवाहिन्या सगळं एकमेकांना खेटून आणि साध्या सीटीत जवळपास एकाच राखाडी रंगाचं दिसतं, कॉन्ट्रास्ट गेल्यावर रक्तवाहिन्या उजळतात, गाठीच्या आतला सडलेला किंवा पाण्याचा भाग काळा राहतो, पुवाभोवतीची कड दिसते. कॉन्ट्रास्टशिवाय काढलेला मानेचा सीटी गाठीच्या तपासात बऱ्याचदा परत काढावा लागतो. आणि उलट टोक म्हणजे "आधी साधा, मग कॉन्ट्रास्ट, दोन्ही करा", यात रेडिएशन जवळपास दुप्पट होतं आणि माहितीत नेहमीच्या गाठीसाठी काहीच भर पडत नाही, एकदाच कॉन्ट्रास्टचा करायचा. मानेच्या एका सीटीत साधारण ३ मिलिसीव्हर्टच्या (रेडिएशन मोजायचं एकक) आसपास रेडिएशन असतं, निसर्गातून माणसाला जगाच्या सरासरीने वर्षाला २.४ मिळतंच, त्यामुळे मोठ्या माणसाने गरजेच्या सीटीला घाबरायचं कारण नाही, मुलांमध्ये मात्र हात आखडताच ठेवायचा.

आवाज बसलाय आणि स्वरयंत्राची एक बाजू हलत नाही असं दुर्बिणीत दिसलं असेल तर सीटी छातीत आणखी खालपर्यंत न्यायला सांगतात. डाव्या बाजूची स्वरयंत्राची नस छातीत महाधमनीखालून वळसा घेऊन परत वर येते, त्यामुळे बिघाड फुफ्फुसाजवळ असू शकतो आणि फक्त मानेचा स्कॅन काढला तर तो सुटतो. तसंच गळ्याच्या हाडाच्या वर, विशेषतः डाव्या बाजूला, कडक गाठ असेल तर मूळ पोटात किंवा छातीत असू शकतं, तिथे मानेपुरता स्कॅन काढून थांबणं बरोबर नाही.

चाळिशी ओलांडलेल्या माणसात रिपोर्टमध्ये "सिस्ट" आलं की लोक सुटकेचा श्वास सोडतात, पाण्याची गाठ म्हणजे साधी. इथे सावध राहा. टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाच्या एचपीव्ही या विषाणूमुळे होणाऱ्या कॅन्सरच्या ग्रंथी हुबेहूब पाण्याच्या गाठीसारख्या दिसतात, थायरॉइडच्या पॅपिलरी कॅन्सरच्याही तशा दिसू शकतात, आणि ब्रँकिअल सिस्ट, म्हणजे मानेच्या बाजूची जन्मजात पाण्याची गाठ, या वयात पहिल्यांदा दिसणं तुलनेने कमी. निदान पक्कं होईपर्यंत तपास थांबवायचा नाही. मध्ये सडलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या ग्रंथी टीबीच्या, म्हणजे गंडमाळेच्याही असतात, आणि कॅन्सर की टीबी हे नुसत्या चित्रावरून छातीठोक सांगता येत नाही, सुईतून काढलेल्या नमुन्याची टीबीसाठी तपासणी करावीच लागते.

एमआरआय कुठे खरंच उपयोगी

कानासमोरच्या किंवा कानाखालच्या पॅरोटिड लाळग्रंथीची गाठ, खास करून आत खोल गेलेली वाटत असेल किंवा चेहऱ्याची एक बाजू वाकडी झाली असेल तर एमआरआय सरस, चेहऱ्याच्या नसेच्या बाजूने आजार पसरलाय का ते त्यात कळतं. कवटीच्या तळाशी पोचलेला आजार, जिभेतली गाठ, तोंडात दातांचं धातूकाम इतकं की सीटीत नुसत्या पांढऱ्या रेघा, गरोदरपण, किंवा सीटीच्या कॉन्ट्रास्टची आधी मोठी रिअ‍ॅक्शन आलेली, हे सगळे एमआरआयच्या बाजूचे मुद्दे. मात्र गरोदरपणात सोनोग्राफीवर भागतंय का ते आधी बघतात, आणि एमआरआय करायचाच झाला तर गॅडोलिनियमचा कॉन्ट्रास्ट टाळतात.

वेळ अर्धा-पाऊण तास जातो आणि त्यात गिळायचं नाही, खोकायचं नाही. ज्याला आडवं झालं की लाळ सांभाळत नाही किंवा दम लागतो त्याचा मानेचा एमआरआय हलल्यामुळे खराब येतो, त्याला सीटीच बरा. पेसमेकर, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतली जुनी क्लिप, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेलेला असेल, हे टेबलवर झोपल्यावर नाही, अपॉइंटमेंट घेतानाच सांगायचं.

धडधडणारी गाठ

गाठच धडधडत असेल तर सुई घालण्याआधी चित्र हवंच. कॅरोटिड दुभागते तिथे होणारा ट्यूमर डाव्या-उजव्या बाजूला सरकतो पण वर-खाली सरकत नाही, आणि तो रक्ताने भरलेला असतो. डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या, सोनोग्राफीत अंदाज येतो, मग सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचा सीटी) किंवा एमआरआय, त्यात दोन रक्तवाहिन्या फाकलेल्या आणि मध्ये गाठ असं ठरलेलं चित्र दिसतं.

पेट स्कॅन सुरुवातीला नको

"एकदाच सगळ्या अंगाचा पेट करून टाकू" हे ऐकायला बरं वाटतं, पण पेट हा साखर खाणाऱ्या पेशी दाखवतो आणि सुजलेल्या, इन्फेक्शनच्या, टीबीच्या ग्रंथीही साखर भरपूर खातात. निदान होण्याआधी केला तर अर्ध्या अंगावर ठिपके दिसतात आणि घरचे हादरतात. त्याची जागा नंतर: ग्रंथीत कॅन्सर सापडलाय पण मूळ कुठे ते तपासणीत आणि सीटीत दिसत नाही, किंवा लिम्फोमाचा, म्हणजे ग्रंथींच्याच कॅन्सरचा, पसारा बघायचाय. मूळ शोधायला करत असाल तर भूल देऊन घशातून तुकडे काढण्याआधी करायचा, नाहीतर तुकडे काढलेली जागाच चमकते आणि गोंधळ होतो.

स्कॅन गाठीचं नाव सांगत नाही

हे लोकांना पचत नाही पण खरं आहे. स्कॅन जागा, आकार, पसारा आणि संशय सांगतो, गाठ कसली ते पेशी बघूनच कळतं, आणि त्यासाठी आधी बारीक सुईची तपासणी, एफएनएसी. सुईने कॅन्सर पसरतो ही भीती घेऊन लोक महिने घालवतात, बारीक सुईच्या बाबतीत तिला अर्थ नाही. उलट सुई न घालता थेट कापून गाठ काढणं हे पुढच्या उपचाराला त्रासदायक ठरू शकतं. लिम्फोमाचा संशय असेल तर मात्र बारीक सुई पुरत नाही, जाड सुईचा तुकडा किंवा अख्खी ग्रंथी लागते, आणि त्याआधी सूज उतरायला म्हणून कोणी स्टेरॉइड देत असेल तर थांबवून विचारा, कारण त्याने निदान पुसट होतं. शक्य असेल तिथे सीटी आधी आणि सुई नंतर, सुईने रक्त साकळलं की चित्र वाचायला अवघड जातं.

जायच्या आधी

कॉन्ट्रास्ट असेल तर क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) ताजा रिपोर्ट सोबत ठेवा, विशेषतः किडनीचा त्रास, शुगर किंवा वय जास्त असेल तर. शुगरची मेटफॉर्मिन गोळी सगळ्यांनीच बंद करायची गरज नसते, किडनी बरीच कमजोर असेल, म्हणजे किडनीची गाळण्याची क्षमता सांगणारा ईजीएफआर ३० च्या खाली, तर ४८ तास थांबवतात, स्वतःहून ठरवू नका. मासे चालत नाहीत म्हणून कॉन्ट्रास्ट चालणार नाही हा जुना गैरसमज आहे, महत्त्वाचं हे की आधी कॉन्ट्रास्टचीच रिअ‍ॅक्शन आली होती का. थायरॉइडचं हार्मोन वाढलेलं असेल तर सांगा, कारण सीटीच्या कॉन्ट्रास्टमध्ये आयोडीन असतं, आणि त्यानंतर एक-दोन महिने रेडिओआयोडीनची, म्हणजे किरणोत्सारी आयोडीनची, ट्रीटमेंट किंवा स्कॅन नीट होत नाही. गरज असताना यासाठी सीटी टाळायचा नसतो, फक्त क्रम ठरवून घ्यायचा. अंगावर पाजणाऱ्या आईने कॉन्ट्रास्टनंतर दूध थांबवायची गरज नसते.

चिठ्ठीवर नुसतं "सीटी नेक" लिहिलेलं असेल तर तिथल्या तिथे डॉक्टरांना दोन ओळी वाढवायला सांगा: गाठ कोणत्या बाजूला, किती दिवसांची, दुर्बिणीत काय दिसलं, तंबाखू आहे का, आणि स्कॅनमधून नेमकं काय हवंय. रेडिओलॉजिस्टला प्रश्न माहीत असला की तो त्या जागी जास्त वेळ देतो. सेंटरमध्ये टेक्निशियनला गाठ बोटाने दाखवा, ते तिथे कातडीवर खूण लावू शकतात, छोटी गाठ असेल तर फार फरक पडतो.

रिपोर्टमध्ये "ग्रंथी दिसतात" एवढ्यावर दचकू नका, मानेत शेकडो ग्रंथी सगळ्यांनाच असतात. लांबट, मध्ये चरबीची रेघ असलेली आणि आडव्या मापात एक सेंटिमीटरच्या आतली ग्रंथी बहुधा साधी, जबड्याच्या कोपऱ्याजवळची जरा मोठीही चालते. गोल, मधली रेघ गेलेली, आत पोकळी, कडा फुटलेल्या, असं लिहिलं असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा. आणि रिपोर्ट नॉर्मल आला पण गाठ हाताला लागतेच आहे, तर तसंच सांगून परत दाखवा, स्कॅनमध्ये ती जागा नीट आलीय का ते रेडिओलॉजिस्टकडून पुन्हा बघून घेता येतं. त्यासाठी कागदासोबत सगळ्या चित्रांची सीडी किंवा लिंक मागून घ्या, फिल्मवर छापलेल्या मोजक्या चित्रांवरून दुसऱ्या डॉक्टरला काहीच ठरवता येत नाही आणि मग तोच स्कॅन पुन्हा काढायला सांगतात.